आंदणातला फ्रीज

साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी घनश्याम गावंडे यांची पिठाची गिरणी नेहमीच्या वेळेला सुरू झाली. दारव्ह्याजवळच्या त्या खेड्यातल्या बाया सकाळी दळणाचे डबे रांगेत मांडतात आणि दळण होईपर्यंत गावाची उणीदुणी काढतात. त्या दिवशी मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. घनश्यामच्या निशिगंधाची सोयरीक ढाणकीला जुळली, मुलाचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि मुख्य म्हणजे हुंडा नाही.

"एक रुपया बी नाई मांगतला," घनश्याम पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून सांगत होते. अंगभर पीठ आणि चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

तेवढ्यात सदऱ्याच्या खिशातला फोन थरथरला. होणाऱ्या विहीणबाईंचा, इंदूबाईंचा संदेश होता. जोडलेले हात, गुलाबाचं फूल, शुभ सकाळ, आणि त्याखाली एक निळी ओळ. घनश्यामांनी पिठाच्या बोटाने ती दाबली. पडद्यावर एक फ्रीज उघडला. दोन दारांचा, चांदीच्या रंगाचा, दार न उघडता समोरूनच थंड पाणी देणारा.

त्यांनी गिरणी थांबवून फोन लावला. पलीकडून इंदूबाई अगदी लोण्यासारखं बोलल्या.

"जबरदस्ती काईच नाई जी भाऊ. आमाले हुंडा नोको हे मी बैठकीतच सांगतलं. पन तुमी पोरीले आंदन देनारच असान, तर आमच्या किचनच्या फरशीले चांदी रंग शोभते. मनून लिंक पाठवली."

वाचकहो, हुंडा मागण्याची जुनी रीत फारच गावंढळ होती. मध्यस्थ लागे, खुसुरफुसुर लागे, आकडा उच्चारताना जरा तरी मान खाली जाई. आता लिंक येते. तिच्यात रंग असतो, मॉडेल असतं, आधी घेतलेल्यांनी दिलेले तारे असतात आणि वर शुभ सकाळही असते. मागणाऱ्याचं तोंड उघडत नाही आणि देणाऱ्याला 'हुंडा दिला नाही' असं गिरणीवर उभं राहून सांगता येतं. दोन्हीकडची अब्रू राहते.

संध्याकाळी घनश्यामांनी फोन मुलीच्या हातात दिला. निशिगंधा दारव्ह्याच्या एका खासगी शाळेत गणित शिकवत होती. लग्न ठरलं म्हणून नोकरी सोडण्याचा अर्ज तिने आदल्याच आठवड्यात दिला होता.

"बाबा, हा त्यायनं मांगतला काय?"

"मांगतला नाई वं. लिंक पाठवली."

निशिगंधाने बापाकडे पाहिलं. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं. पण आई दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांत 'आता यात खोट काढू नको' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. दिवाळीचा सेल सुरू होता, भाव उतरला होता. शेवटी निशिगंधानेच स्वतःच्या हुंड्याची ऑर्डर स्वतःच्या बोटाने नोंदवली. बिल बापाच्या नावाने आणि पत्ता गावचा.

फ्रीज आला तेव्हा तो 'छोटा हत्ती' टेम्पोवरून उतरवायला अर्धी गल्ली जमली. आणून देणारा माणूस भला होता. तो म्हणाला, "काकू, माह्यासमोर खोलून पाहा. व्हिडिओ काढून ठेवा. आजकाल काईच भरवसा नाई."

निशिगंधा कात्री आणायला वळली. आईने, विमलताईंनी, तिचा हात धरला.

"नोको वं माय! आंदनाचा आहे थो. सील तुटलं का वापरून देल्ला मनतीन."

त्यांच्या या भीतीला कारण होतं. शेजारच्या मुलीचा कूलर बापाने हौसेने एकदा लावून पाहिला होता. सासरच्यांनी पंख्याच्या पात्यावरची धूळ दाखवून वर्षभर टोमणे मारले. तेव्हापासून गल्लीत रीतच पडली. आंदणाचं खोकं जसं येईल तसं ठेवायचं, सील मुलाकडच्यांच्या हातानेच फुटायचं. दुकानातून घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत ही रीत कशीबशी निभायची, कारण दुकानदार गावातला, त्याच्या दारात जाऊन भांडता यायचं. मोबाईलवरच्या दुकानाला दार नसतं. तिथे वस्तू परत करायची मुदत असते, आणि ती खोकं घरात आल्याच्या दिवसापासून धावू लागते. ती मुदत दिवाळीतच सरली. लग्न होतं वैशाखात.

तोवर ते खोकं पुढच्या खोलीत जुन्या साडीखाली उभं राहिलं. विमलताईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. येणारा-जाणारा साडी उचलून पाही, बोटांनी वाजवी आणि 'मोठा आहे' असं म्हणे. निशिगंधाला पाहायला त्या काळात फारसं कोणी आलं नाही.

लग्न रीतीप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी ढाणकीला, नातेवाइकांनी भरलेल्या घरात, आंदण उघडायचा कार्यक्रम झाला. नवरदेव नयन मोबाईलवर चित्रीकरण करत होता. इंदूबाईंनी स्वतः सुरीने पट्टी कापली. पुठ्ठा बाजूला झाला, आणि सगळे पुढे वाकले.

फ्रीज चांदीच्या रंगाचा होता एवढंच खरं. दार एकच होतं. खालच्या कोपऱ्याला पोचा आला होता आणि तो रंग मारून झाकला होता. दार उघडताच कुबट वास आला. भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीची वाळलेली काडी चिकटलेली होती. कोणाच्या तरी घरातून वापरून निघालेली ती वस्तू नव्या खोक्यात बसवून पाठवली होती.

इंदूबाईंनी ती काडी दोन बोटांत धरली आणि सगळ्यांना दाखवली.

"पाहा गा, पाहा! मी लिंक पाठवली थ्या फ्रीजची, अन् यायनं मोडीतला उचलून देल्ला. वापरेल वस्तू खपवली आमच्या घरात." मग त्यांनी नव्या सुनेकडे पाहिलं. "वस्तू अशी, तं पोरगी तरी कोरी आहे का, कोन सांगावं!"

काही बाया हसल्या. एका काकांनी मिशीवर हात फिरवला. नयनही हसला. त्याने मोबाईल खाली केला नाही.

हळदीच्या अंगाने उभ्या असलेल्या त्या मुलीने हे ऐकलं. माहेरी फोन केला तेव्हा तिने एवढंच सांगितलं, की फ्रीज खराब निघाला. दुसरं वाक्य तिच्या तोंडून निघेना.

दुपारी तिने कंपनीला फोन लावला. मराठीसाठी हा आकडा दाबा, तक्रारीसाठी तो आकडा दाबा असं होता होता पलीकडे एक गोड आवाज आला.

"मॅडम, आपल्या ऑर्डरची परतीची मुदत संपलेली आहे."

"परत करायचा प्रश्नच नाही. मागवलेली वस्तूच ही नाही. जुनी, वापरलेली पाठवली तुम्ही."

"आम्हाला खेद आहे, मॅडम. फ्रीजमागच्या स्टिकरचा फोटो आणि सील फोडतानाचा व्हिडिओ पाठवा."

स्टिकरचा फोटो तिने पाठवला. त्यावर बनावटीचं वर्ष होतं, आणि त्या वर्षी निशिगंधा दहावीत होती. व्हिडिओ तिने नयनकडे मागितला. तो म्हणाला, "आईले इचारून सांगतो." इंदूबाई नाही म्हणाल्या. आपण त्यात काय बोललो आहोत, हे त्यांना चांगलं आठवत होतं. दोन दिवसांनी निशिगंधाच्या फोनवर संदेश आला. आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

तो फ्रीज इंदूबाईंनी घरात घेतला नाही आणि फेकूनही दिला नाही. तो त्यांनी पडवीत, येणाऱ्याच्या नजरेत भरेल असा ठेवला. वैशाखातलं ढाणकीचं ऊन सांगायला नको. माठातलं पाणी प्यायला सुनेने हात पुढे केला की सासू म्हणे, "कायले? तुह्या बापानं फ्रीज देल्ला ना? थ्यातलं पे." वीज न जोडलेल्या त्या फ्रीजजवळ उभं करून पाहुण्यांपुढे हा विनोद रोज होई. नयन दुकानातून येई, जेवे, मोबाईल पाही. तो वाईट नवरा नव्हता असं त्याचे मित्र आजही सांगतात. त्याने कधी हात उगारला नाही. तो नुसता घरात असे.

आषाढात, नव्या सुना माहेरी जातात त्या आखाडीच्या निमित्ताने, नयनने तिला माहेरी आणून सोडलं. उंबऱ्यातूनच तो घनश्यामांना म्हणाला, "फ्रीजचं काय थे निपटवा बावाजी. बदलून आला का सांगा, मी घ्याले येतो."

आखाडी सरली, पोळा झाला, कापूस फुटला. घ्यायला कोणी आलं नाही. गिरणीवर बाया विचारू लागल्या, "जवाई काहून आले नाई?" घनश्याम पट्ट्याचा आवाज मोठा असल्याचं सोंग घेऊ लागले. एके दिवशी ते दारव्ह्याच्या दुकानात जाऊन दुसरा फ्रीज पाहून आले.

"घेतो अन् धाडून देतो," ते म्हणाले. "पोरगी घरी बसून राह्यली, लोकं काय मनतीन?"

निशिगंधा तेव्हा ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"बाबा, तुमी दुसरा फ्रीज घेतला, तं मी दारव्ह्याहून गाडीत बसीन अन् कुठं जाईन थे तुमाले सांगनार नाई. चोरी कंपनीनं केली. भांडन तिच्याशी करा."

घनश्याम पहिल्यांदाच मुलीच्या आवाजाला घाबरले.

तिची शाळेतली मैत्रीण उर्वशी यवतमाळला वकिली करत होती. ती याच गावची, बौद्ध वस्तीतली. दहावीपर्यंत दोघी एका बाकावर बसल्या होत्या, पण निशिगंधाला हाक मारायला उर्वशी यायची ती फाटकाशीच थांबायची. आत ये, असं विमलताई तिला कधी म्हणाल्या नव्हत्या. आता त्याच विमलताई चहाचा कप घेऊन तिच्यापुढे वाकल्या होत्या. उर्वशीने कप घेतला. विमलताईंना मात्र मान वर करवेना.

"ग्राहक आयोगात जाऊ," उर्वशी म्हणाली. "तक्रार आपल्या जिल्ह्यातच करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. तिथं वकील लागतेच असं बी नाही, पन मी येतो सोबत. परतीची मुदत कंपनीनं ठरवली आहे. मागवलं एक अन् पाठवलं दुसरं, तर त्या मुदतीआड तिले लपता येत नाही. तक्रारीले कायद्यानं दोन वर्षं देल्ली आहेत. फक्त एक गोष्ट. ते इचारतीन, एवढे महिने खोकं काहून नाही उघडलं? तुमच्या नावचा फ्रीज ढाणकीत काय करून राह्यला?"

"लग्नाच्या गडबडीत राहून गेलं मनून लिवा," घनश्याम म्हणाले. "पोरीले गिफ्ट देल्ला मना. पन थो हुंडा शब्द नोको. देनाऱ्याले बी शिक्षा आहे मनतात."

"आहे," उर्वशी म्हणाली. "कायदा देणाऱ्याले बी दोषी धरते. पन ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं ते सांगतलं, तर त्या सांगण्यावरून त्याच्यावर खटला भरत नाहीत. त्रास होणारच नाही असं मात्र मी लिहून देत नाही, काका. लिहायचं काय ते तुम्ही ठरवा."

घनश्यामांनी ठरवलं. तक्रारीत 'लग्नानिमित्त भेट' असं लिहिलं गेलं.

कंपनीचं लेखी उत्तर आलं ते वाचून घनश्यामांच्या पायाखालची जमीन सरकली. कंपनीने फ्रीज बरोबरच पाठवला होता, असं त्यात म्हटलं होतं. कोणताही शहाणा ग्राहक एवढी महाग वस्तू महिनोन्‌महिने न उघडता ठेवत नाही. अर्थात तक्रारदारानेच नवा फ्रीज काढून घेऊन जुना पुढे केला आहे. ज्या माणसाने कोणाच्या पसाभर पिठाला हात लावला नाही, त्याला एका कागदाने चोर ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात नयन आला. विमलताईंनी घाईघाईने शिरा केला. त्याने बशी हातात घेऊन मुद्द्याला हात घातला.

"व्हिडिओ आहे माह्याजवळ. सील तुटताना पुरा दिसते. थो देतो. केस जितानच. फक्त लिंकची गोष्ट कुठं काढू नोका, आईचं नाव नोको. अन् नवा फ्रीज आला का आमच्याकडं द्या. मी निशिगंधाले घेऊन जातो."

घनश्यामांनी अक्षरशः हात जोडले. विमलताईंच्या डोळ्यांना पाणी आलं. घरावरचं मळभ एका वाक्याने जाणार होतं. चोरीचा आळ जाईल, पैसे वाचतील, मुलगी नांदायला जाईल. दोघांनी आशेने निशिगंधाकडे पाहिलं.

ती नवऱ्यासमोर येऊन बसली. "थो व्हिडिओ तुमी पुन्हा पाह्यला?"

"पाह्यला ना."

"आवाज चालू ठेवून?"

नयन शिऱ्यात चमचा फिरवत राहिला.

"एक सांगा मले," ती म्हणाली. "तुमाले मी पाह्यजे का फ्रीज?"

"दोनी," नयन सरळपणे म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. "आई मनते दोनी सोबतच यावं, मनजे लोकायले बोलाले जागा राह्यत नाई."

निशिगंधा उठली आणि आत गेली. नयन गेल्यावर घनश्याम तिच्यावर ओरडले, विमलताई रडल्या, आणि त्या घरात त्या दिवशी कोणी जेवलं नाही. बापाला कळत नव्हतं की मुलगी एवढी कशासाठी अडून बसली आहे. तिलाही ते सांगता येत नव्हतं. जे वाक्य तिने बापापासून लपवलं होतं, ते त्याच्यापर्यंत पोहोचू नये असं तिला अजून वाटत होतं.

यवतमाळला सुनावणी झाली. कंपनीचे वकील तरुण होते, स्वच्छ होते, आणि आपलं काम चोख करत होते. त्यांनी घनश्यामांना विचारलं, "खोकं उघडलं का नाही?" घनश्याम म्हणाले, "लग्नाची गडबड होती." "दिवाळीपासून वैशाखापर्यंत गडबड?" घनश्यामांनी उर्वशीकडे पाहिलं. "उघडलं कोणी? कोणाच्या समोर?" घनश्यामांनी कपाळावरचा घाम पुसला. गिरणीत उभा राहणारा तो दांडगा माणूस त्या खोलीत आक्रसून गेला होता.

तेव्हा निशिगंधा उभी राहिली. "मी सांगू का?"

आयोगाच्या अध्यक्षांनी मान हलवली.

"खोकं उघडलं नाही, कारण तो आंदणाचा फ्रीज होता. आमच्याकडे आंदणाचं सील मुलीकडच्यांनी तोडत नाहीत. तो माझ्या सासूने निवडला, लिंक पाठवून. ती माझ्या वडिलांच्या फोनवर अजून आहे. सील तिनेच तोडलं, ढाणकीला. माझ्या नवऱ्याने त्याचा व्हिडिओ काढला आहे. मी हे सांगितलं नाही तरच तो मिळणार होता. आता सांगितलं."

कंपनीचे वकील लगेच उठले. "म्हणजे हा हुंडा आहे. बेकायदा कामासाठी घेतलेल्या वस्तूची दाद इथे मागता येणार नाही."

उर्वशी म्हणाली, "यांनी फ्रीज विकत घेतला, तो व्यवहार कायदेशीर होता. पुढे त्याचं काय केलं त्यासाठी वेगळा कायदा आहे. घेणारा तो फ्रीज कोणाला देणार, हे पाहून कंपनीने आत भंगार भरलं होतं का?"

आयोगाने नयनला व्हिडिओ घेऊन हजर राहायला सांगितलं.

पुढच्या तारखेला तो आला. सोबत इंदूबाई होत्या, इस्त्रीच्या साडीत. आयोगाच्या खोलीत, टेबलावरच्या संगणकावर तो व्हिडिओ लावला गेला. पट्टी सलग होती, सील शाबूत होतं, सुरी चालली, पुठ्ठा उतरला. पोचा आला, कोथिंबिरीची काडी आली. फ्रीजपुरता निकाल तिथेच लागला. पण व्हिडिओ कोणी थांबवला नाही. इंदूबाईंचा आवाज खोलीभर आला. आधी लिंक, मग मोडीतला फ्रीज. आणि मग ते वाक्य. पोरगी तरी कोरी आहे का, कोन सांगावं. त्यावर बायांचं हसणं. आणि सगळ्यांत जवळून, मोबाईल धरणाऱ्याचं हसणं.

घनश्यामांनी ते पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. आपण याच घरात परत पाठवायला तिच्या मागे लागलो होतो, याच माणसासमोर हात जोडले होते, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"साहेब," ते उठले. कोणी विचारलं नव्हतं. "माह्यं पयलं सांगनं खोटं होतं. थे खोडा. थो गिफ्ट नव्हता. त्यायनं मांगतला अन् मी देल्ला. हुंडाच होता थो. गावभर सांगत फिरलो का हुंडा नाई मनून. मले जे काय करायचं थे करा, पन हे लिवून घ्या."

इंदूबाई काहीतरी म्हणू लागल्या. नयनने त्यांचा हात दाबला. त्या दिवशी त्याने आईला प्रथमच गप्प केलं, तेही स्वतःच्या भीतीने.

निकाल रीतसर लागला. कंपनीने सदोष वस्तू दिली, ग्राहकावर खोटा आळ घेतला, तक्रार न सोडवता सोडवली असं दाखवलं. फ्रीजचे पैसे परत, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई. निशिगंधाने बदली फ्रीज मागितलाच नव्हता. न्याय झाला, याबद्दल शंका नाही. पण कडू वाटतं ते हे, की खराब फ्रीजसाठी या देशात मुदत आहे, हेल्पलाइन आहे, आयोग आहे, आणि भरल्या घरात एका मुलीला वापरलेली वस्तू म्हटलं त्याचा जाब विचारायला तिला दुसऱ्या दारात पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागलं. ती उभी राहिली. पोलिसांत तक्रार दिली, ती चालू आहे. शाळेतली नोकरी तिला पुन्हा मिळाली. ती ढाणकीला परत गेली नाही.

आणि गाव? गाव यातून शिकलं, अगदी तत्परतेने शिकलं. खोकं झाकून ठेवायची रीत गेली. आता आंदणाची वस्तू आली की अंगणात सगळ्यांसमोर उघडतात आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढतात. निशिगंधाच्या बापाने कायदा शिकवला, असं लोक कौतुकाने म्हणतात. हुंडा द्यायचा, पण पुराव्यानिशी द्यायचा.

यंदा माघात घनश्यामांच्या मागच्या घरी कपडे धुवायचं मशीन आलं. त्या घरची वैष्णवी गेल्या वर्षी बारावी झाली होती, लग्न ठरलं होतं. तिच्या आईने निशिगंधाला मुद्दाम बोलावून नेलं. "तुले कायद्यातलं समजते वं. व्हिडिओ तूच काढ. आवाज बी चांगला आला पाह्यजे."

निशिगंधाने मोबाईल धरला. अंगणात बाया होत्या, दोन काका होते, वैष्णवीचे वडील कात्री घेऊन तयार होते. तिने चित्रीकरण सुरू केलं आणि कॅमेरा खोक्यावर न धरता त्यांच्या तोंडावर धरला.

"काका, आधी सांगा. हे मशीन कोनं मांगतलं? नाव घ्या."

कात्री तशीच राहिली. "हे कायले?"

"पुरावा पुरा पाह्यजे ना. मशीन खराब निघालं तं कंपनीचं नाव सांगान. पोरगी खराब आहे मनून वापस धाडली, तं कोनाचं नाव सांगान?"

वैष्णवीच्या आईने पुढे होऊन मोबाईलवर हात ठेवला. "लगनाच्या घरी असं अभद्र बोलतात काय? जाय वं तू. आमी दुसऱ्याले सांगतो." दुसरा मिळाला. व्हिडिओ छान निघाला, मशीन नवं होतं, सगळ्यांना हायसं वाटलं. बायांनी निशिगंधाबद्दल जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्या बाया तुमच्याही गल्लीत आहेत, तुम्ही ऐकलंच असेल.

दिवेलागणीला निशिगंधा वह्या तपासत बसली होती. मागचं दार वाजलं. वैष्णवी उभी होती, धाप लागलेली, आईचा मोबाईल ओढणीआड धरून.

"ताई," ती म्हणाली, "लिंक याच्यात आहे. थो व्हिडिओ पुन्हा काढ. मी नाव सांगतो."

निशिगंधाने तिला आत घेतलं आणि मोठा दिवा लावला, म्हणजे व्हिडिओत चेहरा स्पष्ट दिसेल.